आठ ठशांची इंग्रजी

मला इंग्रजी येतं असा चौलच्या आमच्या आळीचा समज होता, आणि तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यातली गत. मला एबीसीडी यायची, आणि माझ्याजवळ एक इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. तो माझ्या नवऱ्याचा. लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तो मुंबईला इंग्रजी शाळेत शिकत होता. पुढं तापाच्या साथीत तो गेला. मी त्याच्याशी धड चार वाक्यंसुद्धा बोललेली नव्हते. सासरच्यांनी माझे दागिने ठेवून घेतले आणि ट्रंकेत घालून त्याचा कोश पाठवून दिला, कारण त्या घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता. अशी मी कोशासकट माहेरी, भावाच्या घरी, राहायला आले.

भाऊ-वहिनी वाईट नव्हते. हे आधीच सांगते, कारण अशा आठवणी निघाल्या की भावजय वाईट असणार असं ऐकणारा गृहीत धरूनच बसतो. वहिनी मला दोन्ही वेळा पोटभर वाढायची आणि कधी टाकून बोलायची नाही. पण घरात मी होते ती कामापुरती. हळदीकुंकवाला नव्हते, डोहाळजेवणाला नव्हते, बारशाला नव्हते. शेजारीपाजारी काही मंगल निघालं की वहिनी माझ्याकडे न बघता म्हणायची, "आज मागल्या दारानं जा गो पान्याला." मी जायचे. दुपारी सगळे निजले की वाडीतल्या रहाटाची करकर तेवढी ऐकू यायची, आणि बैल सोडले की तीही नाही. मग मी कोश उघडून बसायचे. गोष्टीचं पुस्तक मिळालं असतं तर ते वाचलं असतं, पण आमच्या घरी ते नव्हतं.

सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमाराला रुखवतात इंग्रजी अक्षरं भरलेले उशांचे अभ्रे मांडायची टूम निघाली. मुलीला इंग्रजी येत नसे, सासूला येत नसे, पुष्कळदा नवऱ्यालाही बेताचंच. तरी अभ्र्यावर 'गुड नाइट' नाहीतर 'स्वीट ड्रीम्स' हवंच. अभ्रे नसले तर मुलगी अडाणी, आणि असले तर शिकलेली, असा सरळ हिशेब होता.

आमच्या वाडीला लागून काकांची वाडी होती. काका नात्याचे नव्हेत, शेजारचे. दोन्ही वाड्यांमध्ये एक सामाईक विहीर होती. काकांची मुलगी तेव्हा पंधराएक वर्षांची असेल. तिचं लग्न माणगावला ठरलं. मुलगा कचेरीत कारकून. त्या घरात थोरल्या सुनेनं 'स्वीट ड्रीम्स'चे अभ्रे आणले होते, असं काकूंच्या कानावर आलं, आणि तेव्हापासून काकूंची झोप उडाली.

काका सुपारी विकायला मुंबईला जायचे. काकूंनी त्यांना इंग्रजी अक्षरांचे लाकडी ठसे आणायला सांगितले. ठसा निळीत बुडवून कापडावर उठवायचा आणि त्या रेघेवर रेशमानं भरायचं, अशी रीत होती. काका कुठल्याशा जुन्या बाजारातून ठसे घेऊन आले. वेलबुट्टीची, मोठी देखणी अक्षरं. मोजून आठ. बाकीची कुठं म्हणून विचारलं तर काका म्हणाले, "आख्खा संच म्हनून दिलाय त्यानं. इंग्रजांना कुठं आपल्यासारखी बाराखडी हाय? त्यांची अक्षरं कमीच असतात, सगळ्या जगाला ठाऊक हाय."

काकूंना ते पटलंही असतं. पण 'गुड नाइट' लिहायला बसल्यावर पहिलंच अक्षर सापडेना.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्या मागल्या दाराशी आल्या. माझ्याकडे कुणी मुद्दाम आलं असं फार क्वचित व्हायचं, म्हणून मी हातातलं टाकून उठले. त्यांनी पदरातले ठसे पायरीवर मांडले. ए, ई, एच, एल, एन, ओ, आर, टी.

"यवढ्या अक्षरांत बसतील असे शब्द काढून दे," काकू म्हणाल्या. "चार अभ्रे हायेत. चांगले शब्द काढ, शुभाचे. तुझ्याकडं ते बुक हाय ना?"

मी हो म्हटलं. भरतकाम मला चांगलं यायचं, लग्नाआधी आईनं शिकवलं होतं. मी उत्साहानं म्हटलं, "एखादा अभ्रा मी भरून देईन, काकू."

काकू ठसे परत पदरात घेत म्हणाल्या, "तू शब्द शोध गो, भरायला पोरीला पाठवते. सुईला आन कापडाला हात नको लावूस. राग मानू नको, पोरीच्या संसाराचं हाय. शब्दाला काय, विटाळ नसतो."

राग मानू नको म्हणणाऱ्या माणसाला समोरच्याला राग येणार हे पक्कं ठाऊक असतं. मला आला. असा आला की ते ठसे विहिरीत फेकून द्यावेत. पण त्याच वेळी मला हेही कळलं की आता रोज दुपारी कुणीतरी माझ्याशी बोलायला येणार. मी राग गिळला आणि म्हटलं, "पाठवा तिला उद्यापासून."

ती यायला लागली. विहिरीच्या कट्ट्यावर ती अभ्रा मांडीवर घेऊन बसायची आणि मी कोश घेऊन तिच्यापासून हातभर लांब. ते अंतर काकूंनी घालून दिलेलं. पण पोरगी आडदांड. बोलता बोलता माझ्याकडे सरकायची. मग मी पलीकडे सरकायचे. ती पुन्हा सरकायची. असं करता करता कट्टा संपायचा आणि मला उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसावं लागायचं, आणि ती खदखदून हसायची. मला ती अक्का म्हणायची. तिच्या तोंडून हाक आली की माझा दिवस बरा जायचा, इतकं सरळ होतं ते.

शब्द शोधणं मात्र वाटलं तितकं सोपं नव्हतं. मी कोश कुठंही उघडायचे. एका शब्दावर बोट ठेवायचं, अक्षर अक्षर बघायचं, आठांबाहेरचं नववं अक्षर दिसलं की पुढं जायचं. एमची पानं उघडण्यात तर अर्थच नव्हता. आई त्यात गेली, चंद्र गेला, पैसा गेला, लग्नही गेलं. एसमध्ये बहीण, सूर्य आणि समुद्र. बीमध्ये भाऊ आणि होडी. इंग्रजांची सगळी सोयरीक काका मुंबईला ठेवून आले होते. आमच्या वाट्याला आले ते उंदीर, कोंबडी, मुंगी, जाळं, वल्हं आणि काटा.

"हे बरं हाय," ती म्हणायची. "एका उशीवर उंदीर, दुसरीवर कोंबडी. मानगावची मानसं रात्रभर जागी ऱ्हातील."

पहिला बरा शब्द मिळाला तो 'हार्ट'. मी आनंदानं काकूंना सांगायला गेले, दाराबाहेरूनच. काकूंनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "हृदय. काळीज."

"काळीज? उशीवर?" काकू म्हणाल्या. "खाटकाचं दुकान हाय काय ते?"

दुसरा 'अर्थ' मिळाला, म्हणजे पृथ्वी. काकूंनी त्याचा सोपा अर्थ विचारला आणि मी भोळेपणानं माती असं सांगितलं. लग्नाच्या रुखवतात माती म्हटल्यावर त्यांनी तोंडावर हातच घेतला. त्यानंतर अर्थ कसा सांगायचा हे मी शिकले. 'हार्थ' हा शब्द मिळाला तेव्हा मी आधी प्रस्तावना केली, की घरातली जी पवित्र जागा, जिथं अग्नी असतो, जिथं अन्नपूर्णा नांदते, ती. काकूंनी मधेच विचारलं, "म्हंजे चूल?" मी म्हटलं, चूल. "ही बरी," काकू म्हणाल्या. अशी पहिल्या उशीवर चूल आली.

दुसरा शब्द खेळता खेळता मिळाला. ती दोन अक्षरं सांगायची आणि ती दोन्ही असलेला शब्द मी काढायचा, असा तिनं खेळ काढला होता. "एच पायजे आन एल पायजे," ती म्हणाली. मी पानं उलटत गेले आणि 'हेल्थ' सापडला. आरोग्य. काकूंनी त्याला हरकत घेतली नाही.

तिसरा शब्द मी ईच्या पानावर पाहिला, 'इटर्नल'. अर्थ दिला होता: अखंड, नित्य. काकूंना सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. अखंड सौभाग्यातला अखंड. तो शब्द शोधला मी, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं. काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही, नंतर घरी भांडी घासताना वाटलं, आणि भांडी जरा जोरात आपटली गेली. वहिनीनं काय झालं म्हणून विचारलं. मी काही नाही म्हटलं.

चौथा शब्द तिनं स्वतः निवडला. मी एलची पानं वाचून दाखवत होते, त्यात 'लँटर्न' आला. कंदील. ती म्हणाली, "हाच पायजे. ही उशी माझी. तिथं परक्या घरात अंधार असंल, नवऱ्याला उठवायची लाज वाटंल. कंदील असू दे उशीवर." ती हसतच बोलली, पण घाबरलेली होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मधे तो पांढरा अभ्रा होता.

शब्द सापडायला मी मुद्दाम उशीर लावला असता तर लावता आला असता. ते मला सुचलं नाही असं नाही. चौथा शब्द मिळाला की दुपारची बैठक मोडणार हे दिसतच होतं. पण मला शब्द सापडला की तो माझ्या पोटात राहायचा नाही. तिचं तोंड फुलायचं ते बघायची घाई व्हायची. त्या एका गोष्टीसाठी मी माझ्याच दुपारी संपवत आणल्या.

शेवटच्या दिवशी कंदिलाचं शेवटचं अक्षर भरायचं राहिलं होतं. तिनं सुईत पिवळं रेशीम ओवलं आणि सुई माझ्यापुढं धरली.

"एक टाका घाल, अक्का."

मी हात मागं घेतला.

"एकच. कुनाला कळतंय? आय निजलीय."

"नको गो बाय."

"मी न्हाय मानत ते. तुझ्या हातानं काय वाईट व्हायचं हाय माझं? तू घाल."

मी घातला नाही. अपशकुनावर माझा विश्वास होता का? नव्हता, असं आज म्हणते. पण ती खाडीतून जाणार होती, परक्या घरी जाणार होती, पुढं तिला मुलंबाळं व्हायची होती. त्यात कुठं काही वेडंवाकडं झालं असतं तर तो टाका मला जन्मभर टोचला असता. तिला हे सांगायला मला जमलं नाही. मी नुसती मान हलवत राहिले. ती रडली, चिडली. "तू पन आयसारखीच," म्हणाली आणि ते अक्षर तिनं फराफरा भरून टाकलं. त्या अक्षराचे टाके बाकीच्यांपेक्षा ओढलेले दिसत होते.

पण घरी येताना माझ्या मनात दुःखापेक्षा दुसरंच काही जास्त होतं. सबंध गावात एक माणूस असं निघालं होतं की ज्याला माझ्या हाताची भीती नव्हती. ते मला पुष्कळ होतं.

लग्नाच्या दिवशी मी कोठीच्या खोलीत दार लोटून बसले. वाजंत्री ऐकली, मंगलाष्टकं ऐकली, वऱ्हाडाच्या पंगतीतली ओरड ऐकली. वहिनी रुखवत बघून आली आणि तिनं मला सगळं सांगितलं. मुलाच्या मामानं एकेक अभ्रा हातात घेऊन मोठ्यानं वाचला. असे शब्द आजवर कुठल्या रुखवतात बघितले नाहीत, म्हणाला. कुणी काढले म्हणून विचारलं तर काकू म्हणाल्या, मुलीनंच काढले, बुकात बघून. "तुझं नाव कसं घेतील गो," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, नाहीच घेणार. ती वरात रेवदंड्याच्या बंदरावर गेली आणि तिथून मचव्यानं खाडीतून रोह्याकडे. पुढं माणगावपर्यंत बैलगाड्या. मी बंदरावर गेले नाही हे सांगायला नको.

त्यानंतर वर्षभर दुपारी मी एकटी शब्द शोधत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. पण डोळ्यांना खोडच लागली होती. भावाकडे सामान बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद असो, बिस्किटाचा पत्र्याचा डबा असो, माझी नजर ती आठ अक्षरं वेचत जायची. सापडलेला शब्द मी पाटीवर लिहायचे, पाठ करायचे आणि पुसून टाकायचे. ती भेटली की सांगेन म्हणून. आधी कोश वाचताना मला नुसतं एकटं वाटायचं. आता कुणाला तरी सांगायचं आहे आणि ते माणूस इथं नाही, हे त्याहून वाईट निघालं. दुधाची तहान ताकावर भागवावी तर ताकसुद्धा पातळ होत चाललं होतं. काकूंकडून तिचा एकदाच निरोप आला: "अक्काला सांग, कंदिलाला सगळ्या हसल्या." तेवढ्या निरोपावर मी पुष्कळ दिवस काढले.

मग ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. काकू तिला घराबाहेर पडू देत नव्हत्या. विहिरीवरून मला त्यांची मागची खिडकी दिसायची. एकदा ती खिडकीत दिसली. मी हात केला. तिनंही केला, आणि कुणीतरी आतून हाक मारली तशी ती वळली. मी तिच्याकडे जाण्यात अर्थ नव्हता. मी वाट बघत राहिले, आणि बाळासाठी शब्द शोधू लागले. टोपड्याच्या पट्टीवर मोठा शब्द मावत नाही. चार अक्षरांचा हवा, आणि शुभाचा हवा.

तो सापडला त्या दिवशी मी एकटीच मोठ्यानं हसले. 'हेलो', पण टेलिफोनवरचा 'हॅलो' नव्हे. एच, ए, एल, ओ. देवाच्या तसबिरीत मस्तकामागं जे तेजाचं वलय काढतात, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. आमच्या आठांतलीच चार अक्षरं. बाळाच्या डोक्यावर घालायला याहून चांगला शब्द कुठल्या मोठ्या विद्वानालाही सापडला नसता, असं मला वाटलं. आजही वाटतं. काकूसुद्धा त्यात खोट काढू शकल्या नसत्या.

मुलगा झाला. बारसं झालं, ते मी ऐकलं. सव्वा महिना उलटल्यावर एका दुपारी ती बाळाला घेऊन विहिरीवर आली. काकू बरोबर नव्हत्या, कुणीही नव्हतं. ती अंगानं भरली होती, अंगावर नवं लुगडं होतं, आणि चालण्यात एक सावकाशपणा आला होता. मी कट्ट्यावरून उठले. कोशही घ्यायला विसरले. "बघू गो, बघू," म्हणत मी हात पुढं केले आणि तिच्याकडे निघाले.

तिनं पदर ओढून बाळाच्या तोंडावर घेतला.

"झोपलाय गो अक्का," ती म्हणाली आणि थोडी मागं सरली.

पदर पातळ होता. बाळ टक्क जागं होतं. त्याचे डोळे मला दिसत होते आणि मला दिसताहेत हे तिलाही दिसत होतं. तिनं ते कुणाच्या सांगण्यावरून केलं नव्हतं. बोलताना तिचा आवाजसुद्धा पूर्वीसारखाच गोड होता. तिला आता भीती वाटत होती, एवढंच. पंधराव्या वर्षी तिच्यापाशी जपण्यासारखं काही नव्हतं, आता होतं. हे मला उभ्या उभ्या कळलं. अशा वेळी मी तिला दोष दिला नाही, असं म्हणायची रीत आहे. मी दिला. ज्या हातांत ती आपण होऊन सुई देत होती तेच हात मी परत खाली घेतले. ते कुठं ठेवावेत हे मला कळेना, म्हणून पदराखाली घेतले.

आम्ही थोडं बोललो. सासू बरी होती. माणगावला उन्हाळ्यात पाण्याचे हाल. नवऱ्याची बदली व्हायची होती. ती कट्ट्याच्या त्या टोकाला बसली आणि मी या टोकाला, आणि तिकडून ती या वेळी सरकली नाही. बाळ पदराखाली हातपाय हलवत होतं. ती त्याला थोपटत होती, झोपलेल्याला थोपटावं तसं.

मग तिला आठवलं. "अक्का, ते ठसे अजून हायेत आयकडं. टोपडं भरायला घेतलंय. एकादा ल्हानसा शब्द सांग ना, पट्टीवर मावंल असा. तुला असंल ठाऊक."

ती माझ्याकडे मोठ्या विश्वासानं बघत होती. तिला त्यात काहीच विसंगत वाटत नव्हतं. माझ्या जिभेवर तो शब्द होता. वर्षभराचे सगळेच होते, एकामागोमाग एक, तिलाच सांगायचे म्हणून पाठ केलेले.

त्या आठ अक्षरांतले शब्द संपले, असं मी तिला सांगितलं.

"असंल," ती म्हणाली. "आठच तर हायेत." आणि बाळाला ऊन लागेल म्हणून ती घरात गेली.